पाठ केलेलं सगळं उडून जातंय, लॅब सायन्सचा अभ्यास करायचा तरी कसा?

इओसिनोफिल

नमस्कार. मी क्लिनिकल लॅबोरेटरी सायन्सच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि थोडी बायोकेमिस्ट्री यात निभावलं. आता हिमॅटॉलॉजी, क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि रक्तपेढी असे चारही विषय एकदम अंगावर आलेत. कुठल्या रंगाच्या झाकणाच्या ट्यूबमध्ये काय असतं, ट्यूब कुठल्या क्रमाने भरायच्या, कोण कॅटॅलेज पॉझिटिव्ह, कोण कोॲग्युलेज निगेटिव्ह... रात्री पाठ करते आणि सकाळी व्हायवाला उभी राहिले की डोकं कोरं.

त्याहून टोचणारी गोष्ट वेगळी आहे. पोस्टिंगला (लॅबमधल्या प्रत्यक्ष कामाला) गेलं की ट्यूब रॅकमध्ये लावायची, बारकोड वाचला जातो, थोड्या वेळाने आकडा येतो. आत काय झालं ते दिसतच नाही. मग एवढ्या अभिक्रिया, एवढी तत्त्वं मी कशासाठी शिकतेय? ओळखीतले विचारतात, "म्हणजे रक्त काढायला शिकतेस ना?" आणि मला धड उत्तर देता येत नाही.

ज्यांनी ही पदवी केलीय किंवा जे या कामात आहेत त्यांनी सांगाल का, हे सगळं तुम्ही डोक्यात कसं बसवलंत? आणि मशीनच सगळं करत असेल तर आपल्या वाट्याला नेमकं काय येतं?

शेवटचं_सेमिस्टर

मायक्रोबायोलॉजीपुरतं सांगतो. तक्ते पाठ करणं सोड, एका मोठ्या कागदावर फाटे काढत जा. सुरुवात ग्रॅम स्टेनपासून, म्हणजे जंतू रंगवायच्या पद्धतीपासून. जांभळे गोल जंतू दिसले की पहिला फाटा कॅटॅलेज या एन्झाइमचा, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचा: बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस, नाही आले तर स्ट्रेप्टोकॉकस किंवा एन्टेरोकॉकस. गुलाबी दांडे दिसले तर मॅकॉन्की या वाढीच्या माध्यमावर बघायचं, लॅक्टोज वापरणारे (उदा. ई. कोलाय) गुलाबी वसाहती देतात, साल्मोनेला आणि शिगेला रंगहीन. असं पुढे पुढे. कागद बंद करून तो नकाशा परत काढून बघ, कुठे अडतेस ते लगेच कळतं.

आणि जर्नल त्याच दिवशी लिही. आठवड्याने लिहिलं की निरीक्षणं पुस्तकातली उतरतात.

मशीनबद्दलचा प्रश्न मलाही पडलाय, त्यामुळे जाणकारांच्या उत्तराची मीही वाट बघतोय.

बेंचवरची

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिला अर्धा आपोआप सुटतो.

मशीन आकडा देतं. तो आकडा खरोखर त्या माणसाच्या शरीरातला आहे की नाही, हे ठरवणं आपलं काम. मी बरीच वर्षं बेंचवर आहे, आता पोस्टिंगला येणाऱ्या मुलामुलींना शिकवतेही. त्यांना मी एकच प्रश्न देते आणि प्रत्येक तपासणीला तो विचारायला लावते: हा आकडा खोटा कसा निघू शकतो? तत्त्व, अभिक्रिया, ट्यूब, तापमान, सगळं या प्रश्नाच्या पोटात आहे.

एक रिपोर्ट घे. पोटॅशियम ९.१. एरवी ते ३.५ ते ५ च्या आसपास असतं. ९.१ म्हणजे हृदयाचे ठोके बिघडायला हवेत, आणि पेशंट तर बाहेर बाकावर बसून गप्पा मारतोय. अशा वेळी त्याच रिपोर्टमधल्या पुढच्या ओळी वाच. कॅल्शियम ४.८, म्हणजे हवं त्याच्या जेमतेम निम्मं. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम पार तळाला. या तिन्ही ओळी मिळून एकच गोष्ट सांगतात: जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए या सीरमच्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये शिरलंय. ईडीटीए तिथे पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात भरलेलं असतं, म्हणून पोटॅशियम वर गेलं. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं (त्यासाठीच तर ते घालतात, कॅल्शियम मिळालं नाही की रक्त गोठत नाही), म्हणून कॅल्शियम खाली आलं. आणि अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीएने काढून घेतलं.

आता ट्यूब भरायचा क्रम आठव. ब्लड कल्चर, सायट्रेट, सीरम, हेपॅरिन, ईडीटीए, फ्लोराइड. ईडीटीए सीरमच्या नंतरच का, हे तुला यापुढे पाठ करावं लागणार नाही.

पोटॅशियम खोटं वाढायच्या आणखी दोन वाटा आहेत. रक्त जोरात ओढलं किंवा ट्यूब हिसडून हलवली की तांबड्या पेशी फुटतात. सीरम लालसर दिसतं, पोटॅशियमबरोबर एलडीएच आणि एएसटी ही पेशींच्या आतली एन्झाइम्स चढतात, पण कॅल्शियम जागेवर राहतं. म्हणजे ईडीटीएचा प्रकार आणि हा प्रकार कागदावरच वेगळे काढता येतात. दुसरी वाट जास्त फसवी. रक्त सेंट्रिफ्यूज न करता तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. थंडीत पेशींच्या पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे सीरम छान पिवळं, स्वच्छ. डोळ्याला काहीच खटकत नाही. हे पकडायचं तर नमुना केव्हा काढला आणि लॅबमध्ये केव्हा पोचला या दोन वेळा बघाव्या लागतात. मी मुलांना आकड्याआधी वेळ वाचायची सवय लावते ती यासाठी.

त्याच न वेगळ्या केलेल्या ट्यूबमध्ये ग्लुकोजचं उलट होतं. पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात, सामान्य तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून करड्या झाकणाची फ्लोराइडची ट्यूब. फ्लोराइड एनोलेज हे एन्झाइम अडवतं. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत साखर मोडण्याच्या, पायऱ्या तुला पहिल्या वर्षी शिकवल्यात, त्यात एनोलेज कितव्या पायरीवर येतं बघ. बरंच खाली. म्हणजे वरच्या पायऱ्या काही वेळ चालूच राहतात आणि पहिल्या तासा-दोन तासांत फ्लोराइड असूनही ग्लुकोज थोडं उतरतं. पहिल्या वर्षीची ती कंटाळवाणी साखळी अशी इथे कामाला येते.

आता तुझ्या "आत काय झालं ते दिसतच नाही" याबद्दल. रक्तपेशी मोजणारी बहुतेक मशीन्स ज्या तत्त्वावर उभी आहेत त्याचं पेटंट वॉलेस कूल्टर यांना १९५३ साली मिळालं. बारीक छिद्रातून विद्युतप्रवाह जात असतो, पेशी त्यातून गेली की क्षणभर रोध वाढतो, तो एक झटका म्हणजे एक पेशी, आणि झटका जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. नीट विचार कर, इथे मशीनला पेशी दिसतच नाही, फक्त झटक्याचा आकार कळतो. मग प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले तर? ते गठ्ठे प्लेटलेट म्हणून मोजलेच जात नाहीत, आणि मोठा गठ्ठा कधी पांढऱ्या पेशीत जमा होतो. रिपोर्टवर येतात ३८,००० प्लेटलेट्स. पेशंटला ना रक्तस्राव, ना अंगावर डाग, आणि मागच्या खेपेचा आकडा २,४०,०००. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट्स असे चिकटतात, शरीरात त्या मोकळ्याच असतात.

अशा वेळी स्लाइड कर आणि थेट तेलाच्या लेन्सकडे धावू नकोस. आधी १० च्या लेन्सवर स्मिअरच्या (स्लाइडवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या) पातळ शेपटाकडे जा आणि कडेकडेने सरक. गठ्ठे बहुतेक तिथेच ओढले जातात, फिकट जांभळे, कणीदार पुंजके. मधला भाग कितीही निरखलास तरी तिथे एखादाच सापडेल आणि तू "प्लेटलेट्स कमी" असं लिहून मोकळी होशील. गठ्ठे दिसले की नमुना सायट्रेटमध्ये परत मागवायचा आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. का १.१? सायट्रेटच्या ट्यूबमध्ये ९ भाग रक्ताला १ भाग द्रव असतो, तेवढं रक्त पातळ झालेलं असतं. हेच ९ ला १ प्रमाण पुन्हा कोॲग्युलेशनमध्ये, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासण्यांत, भेटेल: ट्यूब अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी हे गोठण्याचे वेळ खोटे लांबतात.

दरवेळी ३८,००० खोटेच असतात असं नाही हेही सांगून ठेवते. स्लाइडवर गठ्ठे नसतील आणि प्लेटलेट्स खरंच विरळ असतील तर तो आकडा लवकरात लवकर डॉक्टरांपर्यंत गेला पाहिजे. दोन्हीकडे उशीर महागात पडतो. ओळखीतल्यांनी परत विचारलं तर हेच सांग, की रक्ताबद्दल मशीन जे म्हणतं ते खरं की खोटं हे ठरवायला मी शिकतेय.

रक्तपेढी_रात्रपाळी

बेंचवरची यांचं पटलं, पण थोडा वेगळा सूर लावतो. काही गोष्टी पाठच असाव्या लागतात, विशेषतः आमच्याकडे. रात्री तातडीची मागणी आली की विचार करत बसायला वेळ नसतो. एबीओची दोन्ही बाजूंची जोडी, म्हणजे पेशीवरचं अँटिजेन आणि सीरममधली अँटिबॉडी, झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजे. ॲग्लुटिनेशनचं (पेशी एकमेकींना चिकटण्याचं) ० ते ४+ हे मोजमाप तर पुस्तकातून येतच नाही, ते डोळ्याला आणि मनगटाला बसावं लागतं. ट्यूब तिरकी करून तळाशी बसलेलं पेशींचं बटण हळूच सुटू द्यायचं, हिसका द्यायचा नाही. हिसका दिला की नाजूक १+ मोडतो आणि निगेटिव्ह वाचला जातो.

तो "खोटा कसा" प्रश्न मात्र इथे सगळ्यात जास्त लागू आहे. कूम्ब्स टेस्ट घ्या (तांबड्या पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी, कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये मांडलेली). पेशी सलाइनने नीट धुतल्या नाहीत तर मागे राहिलेल्या सीरममधलं ग्लोब्युलिन तुमचं रसायन संपवून टाकतं आणि पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसतो. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये आयजीजी ही अँटिबॉडी लावलेल्या चेक सेल्स घालायच्या. त्या चिकटल्याच पाहिजेत. नाही चिकटल्या तर तुमचं निगेटिव्ह रद्द, पहिल्यापासून परत.

रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (पेशंटच्या सीरमवर माहीत असलेल्या गटाच्या पेशी घालून गट पडताळताना) ओ पेशी का ठेवतात, असं मुलं विचारतात. बॉम्बे रक्तगट हे त्याचं एक उत्तर. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी १९५२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढच्या बाजूने, म्हणजे पेशीवरचं अँटिजेन तपासलं तर अगदी ओ दिसतो. पण त्या माणसात ओ पेशींवरही असणारं एच अँटिजेनच नसतं आणि सीरममध्ये जोरदार अँटी-एच असतं, त्यामुळे ओ पेशीसुद्धा चिकटतात. ओ पेशींची ट्यूब ठेवली नसती तर हा माणूस ओ म्हणून गेला असता, आणि त्याला ओ रक्त दिलं तर जिवाशी खेळ. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

आणि नाव, क्रमांक जुळवणं हे कारकुनी काम समजू नका. चुकीचा गट चढण्यामागे बरेचदा रसायन नसतंच, एकाचं रक्त दुसऱ्याचं लेबल लावलेल्या ट्यूबमध्ये गेलेलं असतं.

इओसिनोफिल

ताई, दादा, खूप आभार. पोटॅशियमचं वाचून पहिल्यांदा ते ट्यूबचं प्रकरण डोक्यात बसलं.

पण एक शंका. आमच्या पोस्टिंगच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअरच संशयास्पद आकड्यांवर खूण करतं. मागच्या आकड्याशी तुलना करतं, ठरावीक मर्यादेतले रिपोर्ट आपोआप सोडतं. मग तुम्ही सांगितलेलं हे सगळं पुढे तेच करेल ना? आणि क्वालिटी कंट्रोलचे ते वेस्टगार्ड नियम कसे लक्षात ठेवायचे? १-२एस, २-२एस, आर-४एस सगळं एकसारखं वाटतं.

बेंचवरची

सॉफ्टवेअर खूण करतं हे चांगलंच आहे, मी त्याच्यावर रोज विसंबते. शेकडो सरळ रिपोर्ट ते सोडतं म्हणून वाकड्या रिपोर्टला द्यायला माझ्याकडे वेळ उरतो. पण त्याचे नियम कुणीतरी बसून लिहिलेले असतात, आणि ते लिहायला हाच अभ्यास लागतो. शिवाय काही खोटे आकडे आपापसात इतके छान जुळतात की कुठलाच नियम अडवत नाही.

थायरॉइडचं उदाहरण देते. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) खूप कमी, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) वाढलेलं. चित्र एकदम सुसंगत, थायरॉइड जास्त काम करतंय असंच कुणीही म्हणेल. कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) बरोबर, मशीन ठणठणीत, नमुना स्वच्छ. फक्त पेशंटला लक्षण एकही नाही. विचारल्यावर कळतं, केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू आहेत. बऱ्याच इम्युनोअसेमध्ये (अँटिबॉडी वापरून मोजायच्या तपासण्यांत) बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची पकड वापरलेली असते. रक्तातलं जादा बायोटिन ती जागा अडवतं. टीएसएच सँडविच पद्धतीने, दोन अँटिबॉडींमध्ये पकडून मोजतात, तिथे संदेश कमी म्हणजे आकडा कमी. फ्री टी४ स्पर्धात्मक पद्धतीने मोजतात (नमुन्यातलं आणि खूण लावलेलं टी४ एकाच जागेसाठी झगडतात), तिथे संदेश कमी म्हणजे आकडा जास्त. दोन्ही खोटे, आणि दोन्ही एकमेकांना दुजोरा देणारे! सँडविच आणि स्पर्धात्मक पद्धतीच्या आकृत्या परीक्षेला चार गुणांसाठी काढायच्या असतात असं वाटतं ना? या माणसाला नसलेल्या आजाराचं औषध सुरू होणं त्या दोन आकृत्यांवर अडतं. मला हे उदाहरण शिकवताना दरवेळी आपल्या विषयाचा अभिमान वाटतो.

आता वेस्टगार्ड. लीव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये लॅबसाठी कंट्रोलची वाचनं मांडायचा तो आलेख आणला, मध्ये सरासरी आणि वर-खाली एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, वाचनं किती पसरतात त्याचं माप) रेषा. वेस्टगार्ड यांचे एकत्रित नियम १९८१ चे. लक्षात ठेवायला एवढंच: मशीन अगदी ठीक असलं तरी कंट्रोलची सुमारे ५ टक्के वाचनं २ एसडीच्या बाहेर जाणारच. म्हणून १-२एस ही फक्त सूचना, थांबून बघ म्हणणारी. लागोपाठ दोन वाचनं एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेली (२-२एस) किंवा दहा वाचनं सरासरीच्या एकाच बाजूला बसली, तर काहीतरी एका दिशेला सरकलंय: कॅलिब्रेशन, नवीन लॉटचं रसायन, दिवा म्हातारा होणं. एकाच रनमधलं एक कंट्रोल २ एसडीच्या वर आणि दुसरं २ एसडीच्या खाली (आर-४एस) म्हणजे हात थरथरल्यासारखी चूक: पिपेटमध्ये बुडबुडा, नीट न मिसळलेलं कंट्रोल. म्हणजे नियम पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाला विचार, "सरकलंय की थरथरतंय?"

ही ५ टक्क्यांची गोष्ट पेशंटच्या रिपोर्टलाही लागू आहे. संदर्भमर्यादा निरोगी लोकांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून काढतात. धडधाकट माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते. ०.९५ चा विसावा घात काढून स्वतः पडताळून बघ.

शेवटचं_सेमिस्टर

अरे वा, म्हणजे कॅटॅलेजलाही तोच "खोटा कसा" प्रश्न लागतो की. ब्लड अगारवरून (रक्त घातलेल्या माध्यमावरून) वसाहत उचलताना खालचा अगार आला तर त्यातल्या तांबड्या पेशींच्या कॅटॅलेजनेच बुडबुडे येतात. सरांनी सांगितलं होतं, पण मी ते निव्वळ सूचना म्हणून लिहून घेतलं होतं.

बेंचवरची

अगदी बरोबर. पुढचा तूच शोध: ट्यूब कोॲग्युलेज (जंतू प्लाझ्माची गुठळी करतो का ही तपासणी) ४ तासांनी का बघतात, थेट २४ तासांनी का नाही? (काही स्टॅफिलोकॉकस गुठळी आधी करतात आणि नंतर स्वतःच विरघळवतात. उशिरा बघितलंस तर निगेटिव्ह लिहिशील.)

इओसिनोफिल, पोस्टिंगला गेलीस की दोन गोष्टी मागून घे. एक, नाकारलेल्या नमुन्यांचं रजिस्टर. लॅबमधल्या बहुतेक चुका नमुना मशीनवर चढण्याआधीच झालेल्या असतात, त्या तिथे कारणासकट लिहिलेल्या सापडतील. प्रत्येक नोंदीपुढे, हा नमुना तसाच लावला असता तर कुठला आकडा कुठल्या बाजूला गेला असता ते वहीत लिही. दोन, हिमॅटॉलॉजीत खूण झालेल्या स्लाइड्स. मशीनची खूण वाचून आधी स्वतःचा अंदाज लिही, मग १० च्या लेन्सवर पूर्ण स्मिअर फीर, मग ४०, मग तेल. एमसीएचसी (तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ३७ च्या वर दिसला तर ती ट्यूब मागून घेऊन ३७ अंशांना गरम करून परत लावायला सांग. थंडीत चिकटलेल्या पेशी असतील तर तांबड्या पेशींचा आकडा वर येईल, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) खाली येईल, आणि हिमोग्लोबिन मात्र होतं तिथेच राहील. ते का राहतं, हे इथे लिहून टाक, मी बघते.